झडलेली लव

मखमलीचा तागा पुढ्यात उलगडला की गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही, आधी हात फिरवतं. मांजरपाट लोक चिमटीत धरून बघतात, पॉपलीन उजेडाकडे धरून बघतात, पण मखमलीवर तळवा फिरल्याशिवाय राहत नाही. बांधावरून भांडून आलेला गडीसुद्धा मखमल दिसली की क्षणभर मऊ होतो, हे मी पौडच्या बाजारात चाळीस वर्षं पाहिलं. माझं दुकान म्हणजे एक मशीन, कापड बेतायचा एक पाट आणि भिंतीला पारा उडालेला आरसा. डोळ्यांनी सुईत दोरा ओवायला नकार दिला तेव्हा मशीन झाकून ठेवलं. आता जुन्या धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर त्या हजारो सदऱ्या-पायजम्यांतलं मला काही आठवत नाही. आठवते ती मखमल, आणि तिच्यात मी केलेलं एक काम. त्याबद्दल मी आजवर घराबाहेर बोललो नाही.

ज्यांनी मखमल कधी शिवली नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. आपल्या अंगावर बारीक लव असते तशी या कापडालाही असते. पुण्यातल्या एका जाणत्या कापडवाल्यानं मला समजावलं होतं की मागावर दोन कापडं तोंडाला तोंड लावून एकदमच विणतात. मधले धागे या कापडातून त्या कापडात जात-येत राहतात. मग मधून सुरी फिरते, दोन कापडं वेगळी होतात आणि कापल्या गेलेल्या धाग्यांची टोकं दोन्हींवर उभी राहतात. तीच लव. पूर्वी हे काम रेशमात व्हायचं आणि दरबारी माणसांच्या अंगावर, घोड्यांच्या पाठीवर, तलवारींच्या म्यानांवर चढायचं. पुढं गिरण्यांची सुती मखमल आली आणि आमच्या मुळशीच्या शेतकऱ्याला ती परवडू लागली. त्यानं ती स्वतःच्या अंगावर घातली नाही. आधी भादव्यातल्या पोळ्याला बैलाची झूल शिवली, मग देवाला वस्त्र केलं, मग कधीतरी नवरदेवाच्या कोटाचा नंबर लागला.

मखमलीचे नियम कडक. तिला इस्त्री लावायची नाही. एका भावी मास्तरानं माझ्याच दुकानात शिकताना टोपीवर इस्त्री ठेवली होती, तिचा ठसा त्या टोपीवर शेवटपर्यंत राहिला. तो मास्तर मीच, आणि दुकान तेव्हा माझ्या वडिलांचं होतं. दाबून-दुमडून लव बसली असेल तर पातेल्यात पाणी उकळायचं आणि वाफेवर कापडाची पाठ धरायची. बसलेली लव हळूहळू उठते, आणि लव उठली की फिका पडलेला रंगही गडद होतो. बघणाऱ्याला जादू वाटते. पण हे बसलेल्या लवेचं झालं. वापरून वापरून झडलेली लव ब्रह्मदेव आला तरी उठत नाही. दुसरं, मखमलीत सुई जपून घालायची. उसवलं तरी भोक राहतं. आणि तिसरं म्हणजे लवेची दिशा. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, खालून वर फिरवला तर अडतं. एका बाजूनं ती उजळ दिसते, दुसऱ्या बाजूनं काळपट. म्हणून कोट बेतताना सगळे भाग एकाच दिशेनं बेतावे लागतात. त्यात कापड जास्त जातं. एखादा भाग उलटा फिरवून बसवला तर चांगलं वीतभर वाचतं, पण मग उन्हात तो कोट दोन रंगांचा दिसतो.

इथं मला कबूल केलं पाहिजे. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी आप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' ही म्हण आमच्या तोंडावर म्हणायला लोक कधी लाजले नाहीत, आणि आम्हीही ती हसून ऐकायचो. मी इतर कापडाला कधी हात मारला नाही. मखमलीनं मात्र मोह घातला. नेऱ्याचे एक सुखवस्तू शेतकरी होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी थोरल्या मुलाच्या लग्नाचा कोट माझ्याकडे टाकला. वांगी रंगाची मखमल, असा रंग की पाटावर टाकल्यावर पाट थंड झाल्यासारखा वाटावा. मी पाठीचा एक भाग उलटा फिरवून बेतला आणि वीतभर तुकडा वाचवला. लग्न गॅसबत्त्यांच्या उजेडात लागलं. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. तो तुकडा मी ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. विकायचा नव्हता. नुसता असावा वाटत होतं.

त्यानंतर दोन-एक वर्षांनी, शिमग्याच्या आधीच्या बाजारात, ठकूबाई दुकानात आली. ताम्हिणीच्या अलीकडे डोंगरात एक धनगरवाडा होता, चार-पाच घरांचा, तिथली ही बाई. आठवा महिना लागलेला, तरी नवऱ्याबरोबर लोण्याची मडकी घेऊन एवढं अंतर उतरून आली होती. नवरा राघू उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. ती आत आली आणि पदरातून एक गाठोडं सोडलं. आत पाच मखमलीचे तुकडे.

"शिंपीदादा, ह्याची कुंची शिवायची," ती म्हणाली.

लहान मुलाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येते ती कुंची. धनगरवाड्यावरची बाई मखमलीची कुंची मागते म्हटल्यावर मी जरा हसलो असेन. ती हसली नाही.

"दोन झाली आन दोनी गेली," ती म्हणाली. "एक सव्वा म्हयन्याचं, एक चार म्हयन्याचं. आता ह्याला इकत घेतल्यालं काय बी घालायचं न्हाई. पाच घरं मागून आनलंय."

ही चाल आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं पुढच्या मुलाला नवं कापड घालायचं नाही, पाच घरी पदर पसरायचा आणि जे मिळेल त्याचं अंगडं-टोपडं करायचं. मुलाचं नावही दगडू, धोंडू असलं ठेवायचं, म्हणजे ते कुणाच्या डोळ्यात भरत नाही. पण मखमलच का, असं मी विचारलं.

"माजी सासू म्हनायची, मकमलीवर नजर ठरत न्हाई. लवेवरनं घसरून जाती."

मला ते इतकं पटलं की मी शिंपी असून आपल्याला हे कसं सुचलं नाही असं वाटलं. मी तुकडे पाटावर मांडले. एक हिरवा, बैलाच्या झुलीचा, त्याला अजून गोठ्याचा वास होता. एक लाल, देवाच्या जुन्या वस्त्रातला, गुरवानं दिलेला. एक निळा, सोनाराच्या डबीतलं अस्तर. एक काळा, कुणा मास्तरीणबाईंच्या चोळीची बाही. आणि पाचवा तुकडा बघून मी तोंड वाकडं केलं. त्याच्यावर लवच नव्हती. खालची वीण उघडी पडलेली, मातकट. कडेला चार केस उरले होते त्यावरून मूळचा रंग वांगी असावा एवढं कळत होतं.

"हा कपाळावर लावा," ती म्हणाली. "आन जपून."

"अगं, हा पार झडलाय."

"असू दे. मागितल्याला हाय."

तो कुणाकडून मागितला ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. हे न विचारणं मला पुढं फार महाग पडलं.

चार तुकडे मी मनापासून जोडले. मखमलीवर मखमल ठेवून शिवताना दोन्ही सरकतात, म्हणून आधी हातानं कच्चा धावदोरा घातला, मग मशीन. चारही तुकड्यांची लव वरून खाली. नजर कुठंही अडू नये म्हणून मी मुद्दाम डोळे मिटून बोट फिरवून पाहिलं. आणि मग कपाळपट्टीपाशी आलो. तिथं तो मातकट तुकडा ठेवला आणि माझं मन बसेना. एवढी देखणी कुंची आणि नेमकं कपाळावर टक्कल! आल्या-गेल्यानं विचारलं की ही कुणी शिवली, तर नाव माझं निघणार. मग ट्रंकेच्या तळातला वांगी तुकडा आठवला. रंग तोच. मी तो कापून कपाळाला लावला, आणि कुंची अशी दिसू लागली की आमच्या मंडळींनी हातातलं काम टाकून ती पाहिली. मग पाटाखाली पडलेल्या झडलेल्या तुकड्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हे कुणाचं आहे ते विचारलंत का?"

"चिंधी आहे," मी म्हटलं.

चिंधीसुद्धा शिंपी टाकत नाही. माझी सुया टोचायची गादी फाटली होती. तिच्यावर मी तो तुकडा ताणून बसवला. कडा आत दुमडल्या, खाली दोरा आवळला. झडलेलं असलं तरी कापड घट्ट होतं आणि सुया छान रुतायच्या.

चैत्रात राघू एकटा आला आणि कुंची घेऊन गेला. ठकूबाईला आता उतरवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो परत दुकानाच्या दारात. बायकोनं विचारायला पाठवलं होतं.

"दादा, त्यो कपाळावरचा तुकडा आमाचाच हाय न्हवं? तिला काय उमगंना."

मी खरं बोलू शकलो असतो. फार तर ओशाळलो असतो. पण माझ्या पुढ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि शिंप्यानं कापड बदललं हे वाक्य त्यांच्यासमोर कसं बोलायचं?

"तुमचाच," मी म्हटलं. "वाफ दिली. वाफेनं लव उठते. लव उठली की रंग बी उठतो."

त्यात लवेबद्दलचं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि सगळं मिळून खोटं होतं. राघू तोंडाचा आ करून बघत राहिला. गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी निवांत झालो.

वैशाखात मुलगी झाल्याचं कळलं. नाव भिकी ठेवलं होतं, मागून आणलेल्या कापडातली म्हणून.

त्या साली श्रावणात डोंगराकडे पावसानं खळ घेतली नाही. बाजाराला वरचं कुणी उतरलं नव्हतं, पण राघू आला. घोंगडीची खोळ निथळत होती. लोणी नव्हतं, काही नव्हतं. कंपाउंडरकडून औषधाची बाटली घेऊन तो माझ्या दाराशी टेकला.

"पोरगी बरी हाय का?" मी विचारलं.

"तीन दिस ताप हाय. छातीत घरघर करतीया. पीत न्हाई."

"मग बाटलीनं काय व्हतंय? दवाखान्यात आन तिला. डॉक्टर हायेत, सुया देतील."

"ती न्हाई म्हनती." राघूनं खाली बघितलं. "पयल्या दोगास्नी खाली आनलंवतं. एक वाटंत धरणापाशी गेलं, एक गाडीत. हिला उंबऱ्याभायेर काडनार न्हाई म्हनती. कुंची हाय तवर काय व्हत न्हाई, म्हनती."

"कुंचीनं ताप जातोय व्हय?"

"तुमीच तर दावलं न्हवं, दादा! झडल्याली लव उगवली. समदा वाडा बघून गेला. ती म्हनती द्येवानं शबुद दिला, ही पोरगी जगनार. भागूआजी तर रोज येती, कपाळावर हात फिरवून जाती."

"भागूआजी कोण?"

"तिचाच तुकडा त्यो. तिच्या लेकाची टोपी व्हती. लेक वर्साचा असताना गेला, त्याला तीस वर्सं झाली. टोपी तिनं ठिवली आन रोज हात फिरवायची. फिरवून फिरवून तर लव गेली तिची. ठकू गेली मागायला तवा तिनं निम्मी कापून दिली."

माझ्या पुढ्यात पाटावर ती सुयांची गादी होती. बारीक, जाड, गोधडीच्या, काजाच्या, तीस-चाळीस सुया आणि टाचण्या तिच्यात उभ्या होत्या. मी इतकी वर्षं लोकांना मखमल समजावून सांगत आलो होतो. कुठली लव दाबल्यानं बसते आणि कुठली घासल्यानं झडते हे मला बोटानं कळायचं. पण ती कुणाच्या बोटांनी झडली हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. माझ्या थापेवर विसंबून एक बाई आजारी लेकरू मांडीवर घेऊन बसली होती.

मी राघूला सगळं सांगितलं. त्यानं घोंगडीची खोळ पुन्हा डोक्यावर ओढली. म्हणाला, "मी सांगून तिला पटायचं न्हाई. तुमीच चला."

आमच्या मंडळींनी गादीतल्या सुया एकेक करून उपसल्या, आवळलेला दोरा तोडला आणि तुकडा फडक्यात बांधून दिला. वर सुई-दोरा ठेवला.

दुपारच्या गाडीनं जिथवर जाता आलं तिथवर गेलो. पुढं चार तासांची चाल. वाटेत राघूच्या एका नातेवाइकाच्या पडवीत रात्र काढून पहाटे पुन्हा निघालो. वाटभर राघू माझ्या पुढं चालत होता आणि एकदाही त्यानं मागं वळून पाहिलं नाही. घसरलो तेव्हा मात्र न बघता काठी मागं केली.

घरात धूर होता. एका अंगाला शेळ्या, एका अंगाला चूल, चुलीपाशी ठकूबाई. मांडीवर कुंचीत गुंडाळलेली मुलगी. तिचा श्वास मला दारातूनच ऐकू आला. कोपऱ्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलेलं. हीच भागूआजी, हे कुणी सांगायला लागलं नाही.

मी उभ्यानंच बोललो. बसलो असतो तर धीर झाला नसता. म्हटलं, "ठकूबाई, लव उगवलेली न्हाई. मी तुकडा बदलला. कपाळावरचा तुकडा मागितलेला न्हाई. दुसऱ्याच्या कापडातला चोरलेला हाय. पोरीला खाली घेऊन चल."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग राघूकडे बघितलं.

"तुमी शिकवून आनलंय ह्यांला," ती त्याला म्हणाली. "मला खाली न्ह्यायला खोटं बोलायला लावलंय. पयलं खरं व्हतं, आताचं खोटं हाय."

मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात. मी या भोळ्या माणसांना इतकं खणलं होतं की आता माझं खरंही त्यांना खोटं वाटत होतं. मी फडकं सोडून तो तुकडा तिच्यापुढं ठेवला. तिनं तोंड फिरवलं.

"हिकडं द्या," भागूआजी म्हणाली.

मी तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं अंगठा फिरवला. एकदाच. "ह्यो माजा," ती म्हणाली.

मग तिचा अंगठा सुयांच्या भोकांवर आला आणि तिथं थांबला. एका भोकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेला. मी मान खाली घालून उभा होतो. ती विचारील आणि मला सांगावं लागेल, म्हणून वाट पाहत होतो. तिनं विचारलं नाही.

"आजी, मग ह्यो कुनाचा?" ठकूबाईनं कुंचीच्या कपाळाला हात लावला.

"त्यो माजा न्हवं. मला पयल्याच दिशी कळलंवतं. डोळं गेलं माजं, हात न्हाई गेला."

"आन तू रोज येऊन हात फिरवीत व्हतीस? बोलली का न्हाईस?"

"पोरीवर फिरवीत व्हते. कापडावर न्हाई." म्हातारीनं ठकूबाईकडं तोंड वळवलं. "तू दोन लेकरं पुरलीस. त्या दिशी कुंची बघून हसलीस. म्हनून न्हाई बोलले. माजं बी चुकलं. आता ऊठ."

ठकूबाई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. मुलीला दुसऱ्या फडक्यात घेतलं, कुंची सोडली आणि माझ्या अंगावर टाकली.

"उसवा," ती म्हणाली. "आजीचा तुकडा लावा. मागितल्यालं समदं अंगावर असंल तवाच उंबरा वलांडीन."

राघू दोन गड्यांना घेऊन झोळी बांधायला लागला. मी दाराच्या उजेडात बसलो. वांगी तुकडा उसवून काढला. आयुष्यात लग्नाचे कोट शिवले, देवाची वस्त्रं शिवली, पण कामाची अशी धास्ती कधी वाटली नव्हती. झडलेला तुकडा कपाळावर ठेवला आणि अडलो. चारही तुकड्यांची लव खाली. याची कुठं? लव असती तर बोटानं सांगितली असती. इथं माझी विद्या संपत होती.

"आजी," मी विचारलं, "ह्याची लव कुणीकडं जायची?"

म्हातारी सरकत माझ्याजवळ आली. तिनं तुकडा माझ्या हातातून घेतला, चाचपला, फिरवला, पुन्हा चाचपला. मग कुंचीवर ठेवून वरून खाली अंगठा ओढला.

"हिकडं. कपाळावरनं डोळ्यांकडं. निजवताना असाच फिरवायचे."

मी तसाच शिवला. धावदोरा न घालता, थेट टाके घातले. माझ्या हातचं ते सगळ्यात ओबडधोबड काम असेल.

संध्याकाळी गाडी मिळाली आणि भिकी पौडच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि रागावले. इतका उशीर का केला, तुम्हा लोकांना अंधश्रद्धेपुढं लेकराची किंमत नाही, असं बरंच बोलले. ते सगळं ठकूबाईला बोलले. मी शेजारीच उभा होतो. उशीर माझ्यामुळं झाला हे मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं नाही. त्या बाईनंही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मुलगी आठ दिवस दवाखान्यात होती, तिला सुया टोचत होते आणि तिचं रडणं रस्त्यावर माझ्या दुकानापर्यंत यायचं. रडतेय तोवर बरं, असं मी स्वतःला सांगत मशीन चालवायचो. नवव्या दिवशी ठकूबाई तिला घेऊन वर गेली. जाताना दुकानाकडे बघितलं, थांबली नाही.

वांगी तुकडा घेऊन मी नेऱ्याला गेलो. आता त्या शिवारात उंच इमारती झाल्यात आणि कंपन्यांच्या गाड्यांतून रस्ता काढता काढता जीव जातो. तेव्हा मी सायकलनं गेलो, तर वाटेत एका कुत्र्याशिवाय कुणी भेटलं नाही. तात्या ओसरीवर होते. मी तुकडा पुढं ठेवून सांगितलं, तुमच्या कोटातला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"कोट दोन रंगी हाय हे आमाला मांडव उतरतानाच दिसलंवतं," ते म्हणाले. "पोराला म्हनलं, उनात घालू नगंस. तुजं नाव कशाला घ्यायचं? शिंप्याचा हात, म्हनून सोडलं." आणि तुकडा माझ्याकडे परत सरकवला. मी घेतला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी हलका झालो असतो.

त्यानंतर मी मखमल शिवली, पण वाचलेला दोरासुद्धा गिऱ्हाइकाच्या पुडीत बांधून दिला. सुयांना गादी केली नाही. सुया मी सदऱ्याच्या बाहीला टोचू लागलो, ते लोकांना कंजूषपणाचं वाटायचं.

पुढं सात-आठ वर्षांनी, असाच बाजाराचा दिवस होता. एक पोटुशी बाई दुकानात आली, घाटाकडच्या कुठल्याशा वाडीची. माझ्या ओळखीची नव्हती. तिनं पदर सोडून पाटावर पाच तुकडे मांडले आणि कुंची शिवायला सांगितलं. मी एकेक तुकडा हातात घेऊन, कुणाचा, कुणी दिला, असं विचारत गेलो. आता मी विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावत नव्हतो. ती सांगत गेली. पाचवा तुकडा मातकट होता, दोन बोटं रुंदीचा, कडेला माझेच ओबडधोबड टाके उसवल्याच्या खुणा.

"ह्यो भिकीच्या घरचा," ती म्हणाली. "पोरगी जगली, आता शेळ्यांमागं जाती. लई घरं मागून न्हेत्यात, म्हून एवढाच मिळाला." मग तिनं तुकडा उजेडाकडे धरला आणि काळजीनं मला दाखवला. "पर दादा, ह्याला बारीक बारीक भोकं हायेत. कसर लागलीया का? बाकीच्या कापडाला तर लागायची न्हाई?"

"कसर न्हाई, बाय," मी म्हटलं. "ती भोकं माझी हायेत."